घट कोणाची धरायची?

आर भाषेत काम शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीच्या दिवसांतच एक लाल ओळ भेटते: ‘ऑब्जेक्ट ऑफ टाइप क्लोजर इज नॉट सबसेटेबल’. बहुतेक वेळा कारण साधे असते. आकड्यांच्या तक्त्याला ‘डीएफ’ असे नाव द्यायचे राहून गेलेले असते, आणि नेमक्या त्याच नावाचे, एफ-वितरणाची घनता काढणारे फंक्शन आरमध्ये आधीपासून असते. आर नाव शोधत जाते, त्याला ते फंक्शन सापडते, विद्यार्थी त्यातून एखादा स्तंभ मागतो आणि आर नकार देते. जेनी ब्रायन यांनी २०२० च्या आरस्टुडिओ परिषदेतल्या बीजभाषणाला हीच ओळ शीर्षक म्हणून दिली, इतकी ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. पण नाव शोधताना आर नेमके कोणत्या वाटेने जाते, आणि तीच वाट का, याचा मागोवा घेतला तर आपण थेट १९४९ पर्यंत मागे जातो.

आधी प्रश्न नीट मांडू. धर्माबाद हे नांदेड जिल्ह्याच्या टोकाचे गाव, मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचे, लाल मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेले. पुढे तेलंगणातले बासर, आणि गोदावरी ओलांडली की निझामाबाद ही हळदीची पेठ. समजा, धर्माबादच्या एका आडत दुकानासाठी कोणी ‘निव्वळ’ नावाचे फंक्शन लिहिले. आलेल्या मालाच्या वजनातून ओलाव्याची घट वजा करायची, एवढेच त्याचे काम. घटीचा आकडा फंक्शनच्या आत नाही, त्याच फाइलीत वर लिहिलेला आहे: शेकडा ५. दुसरे एक फंक्शन निझामाबादच्या मालाचा हिशेब करते. त्याच्या पोटात त्याची स्वतःची ‘घट’ आहे, शेकडा १२, आणि ते वजन काढायला ‘निव्वळ’ला बोलावते. माल १०० क्विंटल. उत्तर ९५ यावे की ८८?

फंक्शन जिथे लिहिले गेले तिथली घट धरली तर ९५. जिथून बोलावणे आले तिथली धरली तर ८८. पहिल्या पद्धतीला लेक्सिकल स्कोप म्हणतात, दुसरीला डायनॅमिक. दोन्ही पद्धतींच्या भाषा झाल्या, दोन्हींत हजारो लोकांनी कामे केली.

केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर १९४९ साली हा प्रश्न नव्हताच, कारण तिथे नावेच नव्हती, नुसते स्मृतीतले पत्ते होते. प्रश्न होता तो परत कुठे यायचे हा. डेव्हिड व्हीलर यांनी युक्ती काढली: बोलावणाऱ्याने आपला पत्ता हातात देऊन उडी मारायची, आणि उपकार्यक्रमाने कामाच्या आधी तो आपल्याच शेवटच्या आज्ञेत लिहून ठेवायचा. काम संपले की ती आज्ञा घरी पोहोचवते. मात्र परतीचा पत्ता ठेवायला जागा एकच, त्यामुळे उपकार्यक्रमाने स्वतःला पुन्हा बोलावले की पहिला पत्ता पुसला जाई. चुका शोधण्याचे शास्त्रही याच यंत्रावर जन्मले. स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली एडसॅकवरच्या कार्यक्रमांतील चुकांच्या निदानावर स्वतंत्र निबंध लिहिला. कार्यक्रम चालता चालता प्रत्येक आज्ञेचे अक्षर छापत जायचे, म्हणजे तो कुठे भरकटला हे कागदावर दिसते. आजच्या डीबगरचा हा पूर्वज.

१९५८ च्या फोरट्रान दोनमध्ये उपकार्यक्रमांना स्वतःची नावे मिळाली. एकाची ‘घट’ दुसऱ्याला दिसत नसे, आणि वाटून घ्यायचेच असेल तर ‘कॉमन’ विभागात उघडपणे मांडावे लागे. फंक्शनच्या आत फंक्शन नव्हते, म्हणून गोंधळही नव्हता.

गोंधळ आला तो लिस्पबरोबर. जॉन मॅकार्थी यांच्या या भाषेच्या सुरुवातीच्या रूपात नावे आणि किमतींच्या जोड्या एका यादीत असत. प्रत्येक बोलावण्याला नव्या जोड्या यादीच्या तोंडाशी लागत, आणि शोधही तोंडापासूनच सुरू होई. साहजिकच सर्वांत शेवटी बोलावणाऱ्याची ‘घट’ आधी सापडे. कोणी ठरवून निवडलेला हा नियम नव्हता, यादी तशी रचली म्हणून तो आपोआप आला. मग जेम्स स्लॅगल यांनी एका फंक्शनला दुसरे फंक्शन पाठवले, दोन्हींत एकच नाव निघाले आणि उत्तर चुकले. मॅकार्थींनी १९७८ साली लिस्पचा इतिहास सांगताना मोकळेपणाने लिहिले आहे की आपल्याला ती किरकोळ चूक वाटली होती, आणि स्टीव्ह रसेल ती लवकरच काढतील अशी खात्री होती. रसेल आणि सहकाऱ्यांनी उपाय काढलाही: फंक्शन पाठवताना त्या क्षणाची नावांची यादी त्याच्याबरोबर बांधून द्यायची. याला त्यांनी ‘फनआर्ग’ म्हटले. स्लॅगल या विद्यार्थ्याच्या तक्रारीतून सगळ्या संगणकशास्त्राला पुरणारा प्रश्न निघाला. चूक शोधणे हे दुय्यम काम मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

त्याच सुमारास युरोपात दुसरी वाट तयार होत होती. जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला तेरा जण जमले आणि अल्गोल ६० ठरली. अहवाल पीटर नाऊर यांनी संपादला. तिच्यात ‘बिगिन’ आणि ‘एंड’ यांच्यामधला मजकूर हा एक ब्लॉक, आत जाहीर केलेले नाव तिथपुरतेच, आणि न सापडलेले नाव बाहेरच्या ब्लॉकमध्ये शोधायचे. म्हणजे कागदावर जे दिसते तेच खरे. फंक्शनला स्वतःला बोलावण्याची मुभाही मिळाली. त्याच वर्षी एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी, प्रत्येक बोलावण्याला स्टॅकवर नवी जागा दिली तर हे सहज जमते, हे दाखवून दिले. व्हीलर यांच्या युक्तीतली अडचण इथे सुटली.

तरी कंपायलर लिहिणारे अडखळत. १९६४ साली डोनाल्ड कनुथ यांनी एक छोटासा कार्यक्रम छापला. फंक्शन स्वतःला बोलावत जाते, दर वेळी आतले एक फंक्शन पुढे पाठवते, आणि त्या आतल्या फंक्शनने नेमक्या आपल्या जन्माच्या वेळची किंमत बदलायची असते. बरोबर उत्तर उणे ६७. खुद्द कनुथ यांनी हाताने काढलेला अंदाज उणे १२१ होता, आणि तो चुकला. इतक्या थोड्या ओळींत इतकी अवघड परीक्षा दुसरी मला माहीत नाही.

या परीक्षेचे मर्म असे की चालू फंक्शनला दोन साखळ्या असतात. एक बोलावण्याची: मला कोणी बोलावले, त्याला कोणी बोलावले. दुसरी जन्माची: मी कोणाच्या पोटात लिहिले गेलो, तो कोणाच्या. परत जायचे पहिलीने आणि नावे शोधायची दुसरीने. कार्यक्रम साधा असेल तर दोन्ही एकसारख्या दिसतात, म्हणून चूक वर्षानुवर्षे दडून राहते.

या दोन साखळ्या शेजारी शेजारी लिहिलेल्या मला सर्वांत स्वच्छ दिसल्या त्या झुरिकच्या पास्कल-पी कंपायलरमध्ये. १९७४ च्या त्याच्या टिपणावर पहिले नाव आहे केशव नोरी यांचे, जे पुढे पुण्याच्या टाटा संशोधन विकास आणि रचना केंद्रात होते. सोबत अमान, जेन्सन आणि नेगेली. या कंपायलरच्या काल्पनिक यंत्रात फंक्शनला बोलावण्याआधी ‘एमएसटी’ नावाची आज्ञा येते. ती स्टॅकवर खूण मारते आणि दोन दुवे टिपून ठेवते: एक जन्माचा, एक बोलावण्याचा. चल कुठला हे सांगायला दोन आकडे पुरतात, किती पातळ्या बाहेर जायचे आणि तिथे कितव्या जागी पाहायचे. लहान लहान यंत्रांवर पास्कल पोहोचली ती याच वाटेने.

इथे पाणिनीची आठवण निघणारच. अष्टाध्यायीतले अधिकारसूत्र ठरावीक पल्ल्यापर्यंतच्या सूत्रांवर चालते, आणि तो पल्ला कुठे संपतो हा व्याकरणकारांच्या चर्चेचा विषय राहिला. नियमांचे अर्थ कसे लावायचे याची शिस्त सांगणारा ‘परिभाषेन्दुशेखर’ नागेशभट्ट काळे यांचा. डेक्कन कॉलेजच्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी तो मुंबईत छापून इंग्रजीत आणला. साम्य खरे आहे आणि अभिमान वाटावा असे आहे. पण अल्गोलच्या तेरा जणांपर्यंत पाणिनीचा हात पोहोचल्याचा पुरावा नाही. साम्याला वंशावळ म्हणू नये. मागोवा घेणाऱ्याने एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

खरी वंशावळ पुढे अशी जाते. १९६४ मध्ये पीटर लँडिन यांनी फंक्शन आणि त्याच्या जन्मवेळचा परिसर यांच्या जोडीला क्लोजर म्हटले. १९७५ मध्ये एमआयटीत जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी स्कीम रचली: देह लिस्पचा, नावांचा नियम अल्गोलचा. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी संख्याशास्त्रासाठी एस भाषा सुरू केली. एसमध्ये नाव आधी फंक्शनच्या आत शोधले जाई आणि नंतर थेट सर्वांत बाहेर. मधल्या, वेढणाऱ्या फंक्शनकडे कोणी पाहत नसे. ऑकलंडच्या रॉस इहाका यांनी स्कीममधली एक युक्ती एका सहकाऱ्याला एसमध्ये करून दाखवायला घेतली आणि ती चालेना. का चालत नाही याचा शोध घेताना त्यांना नियमातला हा फरक दिसला. पुढे रॉबर्ट जेन्टलमन यांच्यासह त्यांनी आर लिहिली, १९९३ मध्ये ती लोकांसमोर आली, आणि तिने एसचा पेहराव ठेवून स्कीमचा नियम घेतला. दोघांनी २००० साली याच विषयावर निबंधही लिहिला. आरमध्ये आपला धर्माबादचा हिशेब ९५ येतो.

माझ्या मते हाच निवाडा योग्य आहे. ‘निव्वळ’ लिहिणाऱ्याला निझामाबादच्या फाइलीत काय आहे हे माहीत असण्याची गरज नसावी.

पण आरमध्ये दोन्ही साखळ्या जाग्या असतात, आणि संख्याशास्त्राचे विद्यार्थी इथेच ठेचकाळतात. फंक्शनला दिलेली किंमत गरज पडेपर्यंत काढली जात नाही, आणि काढताना बोलावणाऱ्याचा परिसर पाहिला जातो. फंक्शनच्या आतले मोकळे नाव मात्र जन्मपरिसरात शोधले जाते. ‘पेरेंट डॉट फ्रेम’ म्हणजे बोलावणारा, ‘पेरेंट डॉट एन्व्ह’ म्हणजे जन्मपरिसर; दोघांनाही पालकच म्हटल्यामुळे गोंधळ वाढतो. त्यावर आरचे सूत्रही आपला जन्मपरिसर बरोबर घेऊन फिरते. मिरचीचा भाव आणि आवक यांचे सूत्र तुम्ही बाहेर लिहिले, ते आपल्या फंक्शनमध्ये पाठवले, आत ‘भार’ नावाची भारांची यादी केली आणि दोन्ही रेषीय समाश्रयण करणाऱ्या ‘एलएम’ला दिली. ‘एलएम’ भार आधी तक्त्यात शोधते, मग सूत्राच्या जन्मपरिसरात, म्हणजे बाहेर. सापडला नाही तर चुकीची ओळ येते आणि ते बरे. बाहेर त्याच नावाची कालची यादी पडून असेल तर मात्र उत्तर गुपचूप चुकते. ‘ट्रेसबॅक’ चालवून इथे फार उजेड पडत नाही, कारण ते बोलावण्याची साखळी दाखवते आणि चूक जन्माच्या साखळीत असते. तिथे ‘ब्राउझर’ने मध्येच थांबून परिसर तपासावा लागतो.

बोलावण्याच्या साखळीवर आयआयटी मुंबईत मोलाचे काम झाले आहे. कार्यक्रम न चालवता त्याचे विश्लेषण करणाऱ्या कंपायलरला, फंक्शनमधून परतताना नेमके ज्याने बोलावले त्याच्याकडेच जायचे असते, नाहीतर कधीच न घडणाऱ्या वाटा हिशेबात येतात. शरीर आणि प्नुएली या संशोधकांनी १९८१ मध्ये बोलावण्यांची माळ सांभाळायची पद्धत दिली होती, पण ती अव्यवहार्य ठरवून बाजूला पडली होती. उदय खेडकर आणि बागेश्री करकरे यांनी २००८ मध्ये, आत येणारी किंमत तीच असेल तर माळ पुढे वाढवायची नाही, असा उपाय देऊन ती पुन्हा कामाला लावली.

आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात, सी आणि सी++ च्या मालिकेत, चलांच्या स्कोपवरचा पाठ मराठीत आहे. नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांत आर शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यापुढचा पाठ त्यांनी रचावा. प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांकडून कागदावर दोन्ही साखळ्या काढून घ्याव्यात, बोलावण्याची एका रंगाने आणि जन्माची दुसऱ्या, आणि संगणक नंतर सुरू करावा. आणि घटीसारखा आकडा बाहेर मोकळा न ठेवता फंक्शनला हातात द्यायची सवय त्याच तासाला लावावी.