छोट्या ऑर्डरीची मोठी गोष्ट

आपल्या नगऱ्यात रेल्वे वर्कशॉपच्या आधाराने वाढलेल्या घरांना ‘ऑर्डर’ हा शब्द नवा नाही. माझी स्वतःची नोकरी स्टोअर्स खात्याच्या कागदांत गेली, त्यामुळे लेथ-वेल्डिंगची छोटी युनिटे चालवणारी बरीच मंडळी ओळखीची. त्यांच्यापैकी एका तरुणाने मागच्या उत्सवात विचारले, “काका, दहाच नगांची ऑर्डर आहे. सेटिंगलाच अर्धा दिवस जातो. घेऊ की सोडू?” मी त्याला बेळगावची हकिकत सांगितली. तीच इथे थोडी सविस्तर लिहीत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. त्यांचे बंधू रामुअण्णा बेळगावात. दोघांनी १८८८ मध्ये तिथे सायकलींचा व्यवसाय सुरू केला. झाशीला इंडियन मिडलँड रेल्वेचे रूळ आले, तोही हाच सुमार. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये, म्हणजे गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण दुकानात सायकल चालवायला शिकवतही असत आणि त्याचे १५ रुपये घेत. हजारापुढे पंधरा म्हणजे चिल्लरच! पण आज शिकणारा उद्या सायकल घेईल आणि परवा ती दुरुस्तीला घेऊन येईल, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

पुढे लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले आणि मग लोखंडी नांगर. खरी परीक्षा इथेच झाली. लोखंडाने जमिनीला विष चढते, तण माजते, असा शेतकऱ्यांचा पक्का समज होता. सुरुवातीचे मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! कोणताही हिशेबनीस म्हणाला असता, बंद करा हा उद्योग. पण नांगराचे एक बरे असते. तो उघड्यावर चालतो. एका शेतातली खोल नांगरट बांधापलीकडून दहाजण पाहतात आणि छापील जाहिरात ज्याला पटत नाही त्याला शेजाऱ्याचे शेत पटते. शिवाय फाळ झिजतो, म्हणजे एकदा आलेला माणूस परत येतोच.

१९१० मध्ये बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. त्या वेळी लक्ष्मणरावांकडे औंध संस्थानातले सभामंडपाचे बांधकाम होते. नांगराच्या कारखानदाराला मंडपाचे काम कशाला, असे कोणीही म्हटले असते. पण त्या कामामुळेच राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी हा माणूस जवळून पाहिला होता. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली, ती आधी मुख्यतः गिऱ्हाइकांशी आणि एजंटांशी संबंध ठेवण्यासाठी. एक नांगर घेणारा शेतकरीसुद्धा त्यांच्या लेखी गिऱ्हाईकच होता. पुढे त्याच अंकाचे मराठीतले नामांकित मासिक झाले, हा वेगळा विषय.

आता आपल्या वर्कशॉपकडे वळू. नवा पुरवठादार आला की रेल्वे त्याला एकदम मोठे काम देत नाही. आधी डेव्हलपमेंटल ऑर्डर, थोड्याच नगांची. जुनी मंडळी अशा पुरवठादाराला ‘पार्ट टू’वाला म्हणत. माल ड्रॉइंगप्रमाणे उतरला, इन्स्पेक्शनमध्ये टिकला, वेळेवर आला, तरच पुढचे दार उघडते. काहीजण या थोड्या नगांना फुटकळ समजून सवडीने करतात. खरेदी करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याने नवख्यावर तेवढाच धोका पत्करलेला असतो, जेवढा बुडाला तरी गाडी अडणार नाही.

मात्र प्रत्येक छोटी ऑर्डर पुढे वाढतेच असे नाही. कित्येक तिथेच संपतात, आणि सगळ्याच घेत बसले तर लेथ दिवसभर सेटिंगवरच राहील. म्हणून मी त्या तरुणाला एवढेच विचारले, “हे गिऱ्हाईक आणखी काय काय घेते, आणि तुझे काम पाहणारे आणखी कोण आहेत?” दोन्हींचे उत्तर त्याच्याकडे होते. त्याने ऑर्डर घेतली.

झाशीहून गोवा एक्स्प्रेसने जाल तर पुणे सोडल्यावर, मिरजेच्या अलीकडे, किर्लोस्करवाडी लागते. आणि गाडी पुढे बेळगावलाच जाते.