मिश्रकापासून औषधनिर्मात्यापर्यंत : नांदेड-लातूरकडील विद्यार्थ्यांच्या वाटेचा अल्प इतिहास

आपल्या ज्ञातीतील एखाद्या घरी मुलाने वा मुलीने बारावीची विज्ञान शाखा उत्तीर्ण केली, की प्रथम वैद्यकीय महाविद्यालयाची चर्चा होते. तेथे प्रवेश मिळाला नाही, की मग कोणीतरी औषधनिर्माणशास्त्राचे नाव काढतो. विषयच मागाहून सुचल्यामुळे त्याची तयारीही मागाहून सुरू होते, आणि एखाद्या दाखल्यापायी किंवा न घेतलेल्या विषयापायी वर्ष वाया जाते. या शिक्षणाचे दार कोणी, केव्हा व का बसविले, हे ठाऊक असेल, तर त्या दारापर्यंत वेळेवर पोहोचणे सुकर होते. याच हेतूने हा वृत्तान्त ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवीत आहे.

पूर्वीच्या काळी दवाखान्यात डॉक्टरांच्या मागच्या खोलीत मिश्रक, म्हणजे ज्याला सारे कंपाउंडर म्हणत, तो बसत असे. रोग्याने घरून आणलेल्या बाटलीत मिश्रण भरावे, बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून मात्रा दाखवाव्यात, खलात पूड घोटून पुड्या बांधाव्यात, हे त्याचे काम. ही विद्या हाताखाली राहून शिकण्याची होती. पुष्कळ मिश्रक अत्यंत सचोटीचे होते. परंतु कोण शिकलेला व कोण नुसता सरावलेला, हे रोग्याला कळण्याचे साधन नव्हते. बाजारातील औषधांचीही तीच स्थिती होती. भेसळीच्या व हिणकस औषधांविषयी तक्रारी वाढल्या, तेव्हा सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९३१ च्या अहवालात समितीने औषधांवर कायद्याचे नियंत्रण असावे व औषधे हाताळणारा मनुष्य शिक्षित असावा, असे सांगितले.

शिक्षणाचा आरंभ मात्र एका अध्यापकाच्या चिकाटीने झाला. महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ साली बनारस हिंदु विश्वविद्यालयात या विषयाचे अध्यापन सुरू केले, आणि १९३७ साली तेथे बी. फार्म. ही पदवी सुरू झाली. पुढे १९४० चा औषध कायदा व ४ मार्च १९४८ चा फार्मसी कायदा झाला, १९४९ साली भारतीय फार्मसी परिषद स्थापन झाली, आणि १९५३ साली परिषदेचे पहिले शिक्षण-नियम आले. यापुढे औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत व्यक्तीचा, आणि नोंदणी मान्यताप्राप्त शिक्षणाची, हे तत्त्व कायम झाले. मात्र कायदा करणाऱ्यांनी जुन्या माणसांस वाऱ्यावर सोडले नाही. ज्याने दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केले आहे, त्याला पहिल्या नोंदवहीत नाव घालता येईल, अशी सवलत ठेविली. ज्यांच्यापर्यंत ही वार्ता मुदतीत पोहोचली, त्यांचा व्यवसाय कायद्याने सुरक्षित झाला. ज्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही, त्यांचा अनुभव कागदावर शून्य ठरला.

आता आपल्या भागाकडे वळू. हा कायदा झाला तेव्हा नांदेड व लातूर निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला, आणि त्याचे शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी घरातील मुलाला उच्च शिक्षणाकरिता घर सोडावे लागे व भाषाही बदलावी लागे. विज्ञानाचे महाविद्यालयच जवळ नसेल, तर औषधनिर्माणशास्त्राची गोष्ट दूरच राहिली. ही उणीव एकेक संस्थेने भरून काढली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले. १९५८ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६१ साली लातूरला दयानंद महाविद्यालय, १९६३ साली नांदेडला यशवंत महाविद्यालय, आणि १९७० साली लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय उभे राहिले. ऑगस्ट १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात सातत्याचा अभ्यास व पुनःपुन्हा सराव परीक्षा यांची जी पद्धत रुजली, ती पुढे ‘लातूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर गाजली. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, व वाघमारे हेच त्याचे पहिले कुलगुरू झाले. आज त्या विद्यापीठाच्या परिसरात औषधनिर्माणशास्त्र संकुल आहे, आणि दोन्ही शहरांत या विषयाची महाविद्यालये आहेत. ज्या शिक्षणाकरिता पूर्वी परमुलखात जावे लागे, ते आता एस. टी.च्या पल्ल्यात आले आहे.

हे शिक्षण म्हणजे केवळ दुकानाचा परवाना, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते, आणि चौदा रुग्ण प्राणास मुकले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. औषधाच्या खरेदीपासून तपासणीपर्यंत कोठेही एक जाणता मनुष्य दक्षतेने उभा असता, तर ते मृत्यू टळले असते. ज्याला औषधनिर्माता व्हावयाचे, त्याने हा प्रसंग प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच मनात ठेवावा.

आता तयारीचा विचार. बी. फार्म. हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, व डी. फार्म. हा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम असून त्यात ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याचीही सोय आहे. बारावीस भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हे दोन्ही विषय लागतात. त्यांच्या जोडीस गणित अथवा जीवशास्त्र लागते, आणि इंग्रजीही सुटता कामा नये. तेव्हा खरा निर्णय बारावीनंतर होत नाही, दहावीनंतर होतो. पदविकेचा प्रवेश बारावीच्या गुणांवर, तर पदवीचा मुख्यतः राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर होतो. अलीकडच्या रचनेप्रमाणे जीवशास्त्र गटात भौतिकशास्त्र ५०, रसायनशास्त्र ५० व जीवशास्त्र १०० असे २०० गुण असतात. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. आणि सुमारे वीस टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. अकरावी हे विश्रांतीचे वर्ष मानणाऱ्याने आपल्या पदरचे हे गुण आधीच गमावलेले असतात. महाविद्यालय निवडताना त्या वर्षासाठी फार्मसी परिषदेची मान्यता आहे की नाही, हे प्रथम पाहावे. इमारत मागाहून पाहावी.

अभ्यासाइतकीच निकड कागदपत्रांची. ज्यांना आरक्षणाचा लाभ लागू आहे, त्यांना जात प्रमाणपत्राबरोबर वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा कायदा २००१ सालचा आहे. पुरावे किती जुने असावेत, याच्या तारखा ठरलेल्या आहेत : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांपूर्वीच्या आपल्याकडील पुष्कळ नोंदी निजामी अमदानीच्या, उर्दूत वा मोडीत आहेत. आजोबांच्या शाळेचा दाखला, जमिनीचे जुने उतारे शोधणे, ते जाणकाराकडून वाचून घेणे व रीतसर भाषांतर करविणे, यांस महिने लागतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यास अकरावीपासूनच महाविद्यालयामार्फत पडताळणीचा अर्ज करता येतो. उत्पन्नाचा, अधिवासाचा व लागू असल्यास नॉन-क्रीमी लेअरचा दाखला यांचाही विचार निकालाच्या आधी व्हावा.

मिश्रकांच्या पहिल्या नोंदवहीपासून आजच्या प्रवेश परीक्षेपर्यंत एकच गोष्ट दिसून येते : नियम बदलत राहिले, आणि ज्यांना ते वेळेवर कळले, त्यांचेच श्रम फळास आले. बुद्धीची उणीव आपल्या मुलांत नाही. उणीव आहे ती वार्ता पोहोचण्याची. आपल्या मंडळातील जे बांधव व भगिनी आज औषधनिर्माते, प्राध्यापक वा शासकीय सेवेत आहेत, त्यांनी दर वर्षी दहावीच्या निकालानंतर एक दिवस गावी येऊन मुलांस व पालकांस हे सारे समजावून सांगावे. आणि ज्या वडीलधाऱ्यांस मोडी वा उर्दू वाचता येते, त्यांनी आपली ती विद्या ज्ञातीच्या कामी लावावी. आपापल्या घरी या वर्षी दहावीस कोण आहे, याची यादी येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी मंडळाकडे द्यावी, एवढीच नम्र विनंती आहे.