एचटी-टूचं कूळ

उलव्याला विमानतळ झाल्यापासून उरण-पनवेलच्या पट्ट्यात विमान हा रोजच्या बोलण्यातला विषय झालाय. गप्पा रंगल्या की शिवकर बापूजी तळपदे हटकून येतात. साल १८९५, गिरगाव चौपाटी, त्यांनी उडवलं म्हणतात ते ‘मरुत्सखा’ विमान. त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा हवाला देतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं. आपल्या मुलखातल्या ज्या माणसांनी खरोखर कारखाना काढला, विमान आखलं नि उडवून दाखवलं, त्यांचं नाव मात्र या गप्पांत निघत नाही. मला याची फार खंत वाटते.

त्यातलं पहिलं नाव रायगडला परकं नाही. कर्जत सोडल्यावर गाडी बोरघाट चढताना ज्या बोगद्यांतून जाते, त्यांतले काही सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने १९२०च्या दशकात खोदलेत. हेच वालचंद १९३९ मध्ये मोटारींच्या कारखान्याच्या खटपटीत अमेरिकेला गेले होते. परतीच्या विमानप्रवासात त्यांना विल्यम पॉली हा अमेरिकी उद्योजक भेटला. तो चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा ध्यास घेऊन परतला. इंग्रज सरकारने आधी दाद दिली नाही, पण दुसरं महायुद्ध अंगाशी आलं तसा सूर बदलला. म्हैसूर संस्थानाने बंगळुरात जागा दिली, भांडवलही घातलं. दिवाण सर मिर्झा इस्माईल त्यामागे खंबीर उभे राहिले. २३ डिसेंबर १९४० ला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच ऑगस्टात अमेरिकी सुटे भाग जोडून केलेलं हार्लो जातीचं शिकाऊ विमान तिथून उडालं. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत मुख्य काम राहिलं ते दोस्तांच्या विमानांच्या दुरुस्तीचं.

सुटे भाग जोडणं निराळं आणि कोऱ्या कागदावर विमान आखणं निराळं. ते दुसरं काम डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी केलं. जन्म १९०८, कोल्हापूर जिल्ह्यातला. मुंबईत शिकून ते जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे गेले. पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचं गणित प्रांटलनी १९०४ मध्ये मांडलं होतं. आजचं सारं वायुगतिशास्त्र त्यावर उभं आहे. अशा गुरूच्या हाताखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस परदेशी नोकरीत सहज स्थिरावला असता. तो बंगळुरूच्या या नव्या कारखान्यात आला. आधी त्याने दहा आसनांचं ग्लायडर आखलं. विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग निघाला, तेव्हा तिथे पोरांना शिकवायलाही तो होता.

ऑगस्ट १९५१ मध्ये घाटग्यांनी आखलेलं एचटी-टू हे शिकाऊ विमान उडालं. भारतातच आखलेलं आणि उत्पादनात गेलेलं हे पहिलं विमान. तोवर आपले वैमानिक टायगर मॉथवर शिकत. त्याला लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेले दोन मजली पंख. एचटी-टू सगळं धातूचं, पंखांची एकच जोडी, तीही बुडाशी. शिकाऊ आणि गुरू एकापुढे एक बसत. तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे जमिनीवर नाक वर असे आणि समोरचं दिसत नसे. धावपट्टीकडे जाताना वैमानिक विमान डावी-उजवीकडे वळवत वळवत नेई आणि बाजूने वाट बघे. उतरताना जरा हलगर्जी झाली की शेपूट फिरायचं. शिकाऊ विमान असंच हवं, असं माझं मत आहे. चूक झाली की ते तिथल्या तिथे कान धरतं, पुढच्या लढाऊ विमानात तशी सवलत नसते. १५५ अश्वशक्तीचं इंजिन मात्र विलायती होतं. इंजिनासाठी दुसऱ्याकडे बघण्याचं आपलं दुखणं तेव्हापासूनचं आणि ते अजून पुरतं बरं झालेलं नाही.

तरीही या विमानावर हवाई दलाच्या पिढ्या शिकल्या. १९५९ मध्ये घाना या नव्या देशाने आपलं हवाई दल उभं केलं, तेही एचटी-टू घेऊन आणि भारतीय शिक्षक बोलावून. घाटग्यांनी पुढे फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक, लष्करासाठी कृषक, शेतावर फवारणीसाठी बसंत आणि जेटवर शिकणाऱ्यांसाठी किरण अशी विमानं दिली. कारखान्याचं १९६४ मध्ये ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ (एचएएल) झालं आणि नाशिकजवळ ओझरला मिग लढाऊ विमानांचं काम उभं राहिलं. त्याच ओझरला १७ ऑक्टोबर २०२५ ला एचटीटी-४० या नव्या शिकाऊ विमानाची उत्पादनसाखळी सुरू झाली.

बंगळुरूला गेलात तर एचएएलच्या संग्रहालयात एचटी-टू ठेवलंय, ते मुलांना जवळून दाखवा. आणि मराठी माणसाने विमान केलं होतं का, असं त्यांनी विचारलं, तर पहिलं नाव विष्णू माधव घाटग्यांचं घ्या.