कारंजा कापूस बाजार

कारंजा कापूस बाजार हा वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील कापसाचा बाजार होय. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये इ.स. १८८६ मध्ये स्थापन झालेला हा बाजार भारतातील पहिला नियंत्रित शेतमाल बाजार मानला जातो.

नियंत्रणामागे शेतकऱ्याचे हित हा मुख्य हेतू नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस वाजवी दरात मिळावा, ही सरकारची खरी निकड होती. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजाराची जागा घोषित करण्याचा आणि देखरेखीसाठी समिती नेमण्याचा अधिकार रेसिडेंटला दिला. हा कायदा पुढे इतर प्रांतांना नमुना ठरला. समितीवर मात्र व्यापाऱ्यांचाच भरणा असे. ज्यांना आवर घालायचा, त्यांच्याच हाती लगाम राहिला.

नियंत्रण आणि व्यापारस्वातंत्र्य

महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायद्याने नियंत्रित शेतमालाच्या व्यापारासाठी परवाना आणि बाजार फी आवश्यक केली. खुला लिलाव, अचूक माप व वेळेवर चुकारा ही या व्यवस्थेच्या समर्थकांची बाजू. तर मोजक्या परवानाधारकांमुळे स्पर्धा खुंटते, असा आक्षेप शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेसह अनेकांनी घेतला.

२०१२ मध्ये केंद्राने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीस मुभा दिली, तेव्हा हाच वाद नव्याने पेटला. मोठी दालने प्रामुख्याने दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांपुरती मर्यादित असल्याने कारंजासारख्या गावातील दुकानदाराला त्यांची थेट झळ नव्हती. शेतमाल कोणाला विकता यावा, हा प्रश्न मात्र येथलाही होता. बाजार आवाराबाहेर व्यापारास मोकळीक देणारा २०२० चा केंद्रीय कायदा २०२१ मध्ये रद्द झाला.