शिंप्याचा कोट

पप्पांच्या टेलरिंगच्या दुकानात पाटी होती : 'आज रोख, उद्या उधार'. तिच्याच खाली उधारीची वही लटकायची. लग्नसराईत कपडे घेऊन गेलेली गिऱ्हाइकं दिवाळीपर्यंत दुकानासमोरून जायचं टाळायची.

गेल्या वर्षी एका क्लायंटने माझ्या फ्रीलान्स कामाचे पैसे थकवले. चिडून रात्री कायदा वाचायला बसलो, तर १८७२च्या भारतीय करार कायद्यात मला चक्क पप्पाच भेटले.

कलम १७०. तुम्ही सोपवलेल्या वस्तूवर कुणी मेहनत किंवा कसब खर्च केलं, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू तो अडवून ठेवू शकतो. हा धारणाधिकार. कलमाखाली दोन उदाहरणं आहेत. जवाहिऱ्याने कच्च्या हिऱ्याला पैलू पाडले. पैसे मिळेपर्यंत हिरा त्याच्याकडे. दुसरं शिंप्याचं. तो कबूल करतो, की कोट शिवून झाला की लगेच देतो, पैसे तीन महिन्यांनी द्या. झालं! आता त्याला कोट अडवता येत नाही.

हा हक्क इंग्लंडच्या कॉमन लॉमधून आला. कोर्टाची पायरी न चढता वसुली करायचं गरिबाचं हत्यार, पण बोथट. वस्तू धरून ठेवता येते, पण केवळ या हक्कावर विकता येत नाही. आणि हातातून सुटली की हक्कही सुटतो.

पुढचं कलम १७१ वाचून मात्र मला राग आला. बँकवाले, अडते, बंदरावरचे धक्केवाले, हायकोर्टाचे ॲटर्नी आणि विमा दलाल. या पाचांना जुन्या, दुसऱ्याच व्यवहाराच्या बाकीसाठीही हातातला माल अडवता येतो. शिंप्याला तसं नाही. मागच्या वर्षीच्या पँटसाठी यंदाचा कोट धरता येत नाही. कायदा लिहिताना समोर कोण बसलं होतं, हे कळतंच.

(या हक्काला मर्यादाही आहे, आणि ती मला पटते. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने फीसाठी तिच्या फायली अडवल्या होत्या. सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितलं, की फायली म्हणजे विकता येणारा माल नव्हे. फीसाठी वेगळा दावा लावा, पण अशिलाचे कागद परत करा.)

माझं काय? मी कोड पूर्ण होताच क्लायंटच्या सर्व्हरवर चढवला होता. बिलावर मीच लिहिलं होतं, 'मुदत ३० दिवस'.

पप्पांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "माल आधी देऊन टाकलास?"

"हो."

"मग वहीत लिहून ठेव."