माळवदाचं घर कशावर उभं असतं?

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे एका गटातून कर्जाचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'जुनं घर पाडणे'. घर माळवदाचं, आठ खणांचं, तीन पिढ्या नांदलेल्या. मुलाचं म्हणणं, लाकूड विकू आणि स्लॅब टाकू. सासूबाई म्हणत होत्या, मी असेपर्यंत तरी नको. आम्ही तिघीजणी घर बघायला गेलो, आणि मग या विषयाच्या मागेच लागलो.

माळवदाच्या घराची भिंत दोन-अडीच फूट जाड. बघणाऱ्याला वाटतं, छप्पर त्या भिंतीवरच टेकलंय. पण आत जाऊन वर बघा. दगडी उथळ्यावर लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर आडवे दांडे, त्यावर फळ्या नाहीतर फांद्या, मग पाला आणि सगळ्यात वर माती. बऱ्याच घरांत भिंतीला लागूनसुद्धा खांब असतात. म्हणजे भार पेलतो तो लाकडाचा सांगाडा. भिंत आडोशाला, उन्हाला आणि चोराला. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. खण म्हटलं की आपल्याला आधी चोळीचा आठवतो, पण घराची मोजणी पण खणावरच. सोयरीक बघायला गेलेली माणसं खण मोजून यायची. ऐपत असेल त्याचा खांब सागाचा, बाकीच्यांचा बाभळीचा नाहीतर लिंबाचा.

ही रीत आपल्याच मुलखातली, असं नाही. तिकडे इंग्लंडमध्येही चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची घरं अशीच आहेत. ओकच्या लाकडाचा सांगाडा, सांध्यांना लाकडाच्याच खुंट्या, आणि मधल्या जागेत काटक्या विणून वर माती-शेणाचा लेप. आपला कुडच की तो! तेही घर खणांवरच मोजतात, त्यांचा शब्द तेवढा वेगळा. आणि लांब कशाला, वेरूळचं दहावं लेणं बघा. त्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी कारागिरांनी आख्ख्या खडकात कोरताना छताला लाकडी फासळ्या असाव्यात तशा दगडाच्या फासळ्या कोरल्या. दगडाला त्या फासळ्यांची गरजच नव्हती. पण चांगलं छत म्हणजे लाकडाचं, हे डोळ्यांत इतकं बसलेलं होतं.

मग माळवदाची भीती कधीपासून बसली? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपासून. गणपती विसर्जनाची रात्र, माणसं दमून झोपलेली, आणि चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबादकडे भूकंप झाला. किल्लारी हे नाव तेव्हा घरोघर पोचलं. सुमारे 8000 माणसं गेली. 52 गावं उचलून नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी एकच, जुनी घरं मारतात.

पण तपासणाऱ्यांना तिथं काय दिसलं ते सांगतो. पुष्कळ घरांत भिंती पार ढासळल्या होत्या आणि लाकडाचा सांगाडा मात्र उभा होता. भिंती होत्या गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये भर. दोन्ही थरांना बांधून धरणारा आरपार दगड नाही. हादरा बसला तसे थर सुटले. आणि दुसरी गोष्ट म्हणजे वरची माती. ती कुठं कुठं दोन फूट, त्याहून जास्तही होती.

ही माती तिथं कुणी नेली? आपणच नेली, बायांनो. दरवर्षी मिरगाच्या आधी माळवद गळू नये म्हणून टोपल्या भरभरून पांढरी माती वर चढवायची, पसरायची, चोपायची. आपल्या आयांनी केलं, आज्यांनी केलं. नवी माती टाकायची रीत होती, जुनी काढायची नव्हती. आता हिशेब करा, हिशेबात आपण पक्क्या आहोत. एक घनफूट कोरडी माती साधारण 45 किलो. दोन फुटांचा थर म्हणजे एका चौरस फुटावर 90 किलो. पाच बाय दहा फुटांच्या एका खणावर 45 क्विंटल. पावसात भिजली की आणखी जास्त.

भूकंपानंतर घरं दुरुस्त करून मजबूत करायचं मोठं काम झालं. वरची माती कमी करायची, भिंतीला जागोजागी आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, खांब आणि तुळई मिळतात त्या कोपऱ्यात तिरपा आधार द्यायचा. हे गावागावांत समजावून सांगायला 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेबरोबर महिला मंडळांतल्या बायकाच पुढे झाल्या. त्यांना 'संवाद सहायक' म्हणत. घराचं बांधकाम हे पुरुषांचं काम, असं म्हणणाऱ्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो.

तर त्या आठ खणांच्या घरी आम्ही माळवदावर चढून सळई खुपसली. पावणेदोन फूट माती निघाली. सासूबाईंना विचारलं, "मावशी, ही माती कधी उतरवली होती का?" त्या म्हणाल्या, "उतरवायची कशाला गं? मी लग्न होऊन आले तवापासून चढवतेच आहे." मग अभियंत्याला बोलावून दाखवलं. त्यांनी खांबांना टोचून बघितलं. बाकीचं लाकूड ठणठणीत, दोन खांबांचे बुडखे मात्र वाळवीनं पोखरलेले. ज्याला लाकूड विकायचं होतं तो मुलगाच मग सुताराला घेऊन आला.

आधी एक फूट माती सगळ्या खणांवरून सारखी उतरवली. चार ट्रॉल्या झाल्या. उरलेल्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून वर पातळ थर दिला. दोन्ही खांबांना खालून नवं लाकूड जोडलं. मागची भिंत फुगली आहे, ती दिवाळीनंतर उतरवून आरपार दगड घालून पुन्हा रचायची आहे. गटाच्या बैठकीत अर्ज परत काढला, 'पाडणे' खोडून 'दुरुस्ती' लिहिलं आणि सासूबाईंचा अंगठा घेतला. कर्जाचा आकडा निम्म्यावर आला होता.