लाल अक्षर : जुन्या रोगाची नवी भीती

२ ऑगस्ट १९८२ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने एक मोठे लाल 'एच' अक्षर छापले. हॉथॉर्नच्या १८५० सालच्या 'द स्कार्लेट लेटर' कादंबरीत व्यभिचाराची शिक्षा म्हणून हेस्टर प्रिनला छातीवर लाल 'ए' वागवावा लागतो. त्या शिक्षेचे नवे अक्षर म्हणजे हा 'एच', म्हणजेच हर्पिस. शरीरसंबंधानंतर 'आपल्याला लागण तर झाली नसेल?' या विचाराने झोप उडणे हा तेव्हाच्या अमेरिकी तरुणांचा नवा अनुभव होता. मला प्रश्न पडतो तो असा, की अठराव्या शतकापासून वैद्यकाला ठाऊक असलेला हा रोग १९८० च्या सुमारासच इतका भयंकर का ठरला?

सुरुवात नावापासून करू. 'हर्पिस' हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आला आहे. आपला 'सर्प' हा शब्दही त्याच मूळ कुळातला. आपण जिला 'नागीण' म्हणतो ती हर्पिस झोस्टर. तिचा विषाणू कांजिण्यांचा, वेगळा. नागिणीचे तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळले की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी होती. ती खरी नाही. पण कातडीवर उठलेल्या फोडांपेक्षा त्यांच्याभोवतीची गोष्ट माणसाला जास्त घाबरवते, हे तिच्यावरून कळते.

जननेंद्रियावरील हर्पिसचे वर्णन झां आस्त्र्युक या फ्रेंच वैद्याने १७३६ मध्ये गुप्तरोगांवरील ग्रंथात केले. पुढे १८८६ मध्ये दिदे आणि द्वायाँ या फ्रेंच डॉक्टरांनी या एकाच विकारावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि तो पुन्हा पुन्हा उलटतो हे नोंदवले. तरीही त्या काळच्या रोग्याला धास्ती होती ती उपदंशाची. उपदंश मेंदूपर्यंत पोहोचे, पोटातल्या मुलाला लागे आणि त्यावरचा पारा शरीराची वेगळी नासाडी करी. लागण झालेली नसतानाही ती झाली आहे, या कल्पनेने झुरणाऱ्यांची संख्या इतकी, की युरोपातील डॉक्टरांनी त्या अवस्थेला 'सिफिलोफोबिया' हे नाव दिले. असा माणूस फोड घेऊन आला आणि डॉक्टर म्हणाला, 'हा उपदंश नव्हे, हर्पिस आहे', तर ती सुटकेची बातमी असे.

आपल्याकडेही भीती होती ती गरमी आणि परम्याची. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तक लिहिले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचक त्यांना लैंगिक शंका विचारत आणि ते छापील उत्तर देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना दंड झाला. ज्या समाजात शंकेला उत्तर देणे हा गुन्हा ठरतो, तिथे शंका विचारणाऱ्याने जायचे कोठे?

उपदंशाचा दरारा ओसरला तो विज्ञानामुळे. १९०६ मध्ये वासरमन चाचणी आली, १९१० मध्ये साल्व्हर्सान आणि १९४३ मध्ये पेनिसिलिनचा यशस्वी उपयोग झाला. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली. संबंधांची दोन मोठी भये, रोग आणि गर्भ, एका पिढीत सैल झाली.

हर्पिसला मोठेपण आले ते याच वेळी. १९६० च्या दशकात या विषाणूचे दोन प्रकार आहेत हे सिद्ध झाले. पहिला मुख्यतः ओठांवरचा, दुसरा मुख्यतः जननेंद्रियाचा. दुसरा प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असावा, असा संशयही त्याच दशकात व्यक्त झाला. पुढे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी खरा आरोपी वेगळा विषाणू, एचपीव्ही, असल्याचे दाखवले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण मधली दीड-दोन दशके हर्पिसवर तो आळ राहिला. शिवाय पेनिसिलिनने न जाणारा, मज्जातंतूंच्या गाठींत आयुष्यभर दडून राहणारा हा रोग होता. सैल झालेल्या नीतीला मिळालेली शिक्षा म्हणून बोट दाखवायला तो सोयीचा ठरला.

हा कलंक अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध विकणाऱ्या कंपनीने जाहिरातींतून निर्माण केला, असे अनेकदा सांगितले जाते. मला ते पटत नाही. अ‍ॅसायक्लोव्हिरच्या मलमाला अमेरिकेत परवानगी मिळाली १९८२ मध्ये, गोळ्यांना १९८५ मध्ये. 'टाइम'ने या रोगाला कुष्ठरोगाची उपमा दिली होती १९८० मध्येच. जाहिरातींनी भीतीचा फायदा घेतला असेल, पण भीती आधीच तयार होती. लवकरच एड्सने तिला झाकोळले; ती नाहीशी मात्र झाली नाही.

या भीतीसमोर आज आकडे ठेवून पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ सालच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे ३७० कोटी लोकांच्या शरीरात पहिला प्रकार होता आणि १५ ते ४९ वयातील सुमारे ४९ कोटी लोकांत दुसरा. त्यांतल्या बहुतेकांना काही त्रास होत नाही किंवा तो ओळखू येत नाही. लागणीनंतर फोड येतात ते साधारण २ ते १२ दिवसांत. पण काहींना पहिला ठळक उद्रेक वर्षांनी होतो. त्यामुळे 'कोणाकडून आला?' या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर पुष्कळदा नसते, आणि त्यावरून जोडीदारावर केलेला आरोप निराधार असू शकतो.

याचा अर्थ रोग क्षुल्लक आहे असा नव्हे. बाळंतपणाच्या सुमारास आईला नवी लागण झाली तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकते. दुसऱ्या प्रकारामुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो. निरोधने हर्पिसचा धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. फोड आले असतील तर ते सुकण्याआधी डॉक्टरांना दाखवून त्यांतील द्रवाची तपासणी करावी. निदानाचा तो सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. लक्षणे नसताना सरसकट रक्त तपासू नये, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितले. त्या चाचणीत खोटा होकार येण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि खोटा होकार माणसाला नसलेल्या रोगासह जगायला लावतो.

चिंतेने पोखरलेल्या माणसाला 'घाबरू नका' एवढे सांगून भागत नाही, हे मला मान्य आहे. पण १८८६ मधला रोगी जे नाव ऐकून सुस्कारा सोडत होता, तेच नाव ऐकून १९८२ मधला तरुण आयुष्य संपल्यासारखा बसला. दोघांचा विषाणू एकच होता, आणि दुसऱ्याच्या हाताशी तर औषधही येत होते. त्याच्या वाट्याला जास्तीची आली ती लाज, आणि ती विषाणूतून आलेली नव्हती.